हिरडीखालचा सूर

सान लुकास यावेरा,
सोमवार, ५ सप्टेंबर १९९४

प्रिय फिदेन्सिओ,

तुला आणि घरच्या सगळ्यांना मोठ्या भावाचे आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक आहोत. पावसाने देल्फिनाचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्या तोंडाइतका नाही. मका डोक्याच्या वर गेलाय. तांबड्या गाईला कालवड झाली आणि ती अगदी आईसारखी हट्टी निघाली.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. सणाला ये, असं म्हणायला मी हे पत्र लिहीत नाहीये. जुलैत सान्ता आनाच्या सणाला आमचा बँड तुमच्याकडे येऊन वाजवून गेला, म्हणजे ऑक्टोबरात सान लुकासच्या सणाला तुमचा बँड इकडे येणारच. गोसोना आहे ही, वाजवण्याची परतफेड वाजवूनच, ती कुणाला चुकलीय? त्यात तू असशील की नाही, ते तुझं तू बघ. मागच्या वर्षी नव्हतास, त्याच्या आदल्या वर्षीही नव्हतास. मी वॉल्ट्झ ओढतो, माझ्याबरोबर क्लॅरिनेट वाजवणं म्हणजे म्हाताऱ्या बैलामागे चालणं, असं चारचौघांत बोलून तू जो गेलास तो गेलासच. मी ते मनात ठेवलेलं नाही. आठवतं, ते वेगळं.

लिहितोय ते तुझ्या मुलीबद्दल. फेब्रुवारीत ओदिलिया आमच्या दवाखान्यात वर्षभराच्या सेवेसाठी दातांची डॉक्टर म्हणून आली, तेव्हा मी देल्फिनाला म्हटलं होतं, पोरगी आपल्याकडे जेवेल, पण माझ्या तोंडाला हात लावणार नाही. ट्रम्पेटवाल्याचं तोंड आहे ते. देल्फिना म्हणाली, ट्रम्पेटवाल्याच्या तोंडाला वास मारतो हे सगळ्या बँडला माहीत आहे, तुला सोडून. बायको असं काहीतरी बोलणारच म्हणून मी लक्ष दिलं नाही.

मग जुलैत तुमच्या देवळासमोर माझा वरचा सूर फाटला. तू मळ्यावर गेला होतास म्हणे, पण वारा तुमच्या मळ्याकडेच होता, तेव्हा ऐकला असशील. मुखनळी ओठावर दाबली की खालचे पुढचे दात मागे सरकत होते, फिदे. खरंच सरकत होते. त्या दिवशी मी घाबरलो. आपल्या बापाने ज्या खुर्चीत बसून मरेपर्यंत वाजवलं, ती खुर्ची सोडायची वेळ आली असं वाटलं. परत येताना ट्रकमध्ये मी ट्रम्पेट फडक्यात गुंडाळून मांडीवर धरून बसलो.

घरी आल्यावर गपचूप दवाखान्यात गेलो. तुझ्या लेकीने एक बारीक सळई घेतली, तिच्यावर खुणा होत्या. ती दात आणि हिरडीच्या मधे घालून बघितलं. हिरडी दाताला घट्ट धरून असायला हवी, तिथे माझ्याकडे नुसते खिसे झाले होते, आणि खिशांत दगडासारखं कीटण. आरसा धरून दाखवलं तिने. खालच्या दातांमागे अख्खी भिंत बांधलेली होती. मी म्हटलं, पोरी, ही भिंत आहे म्हणून दात उभे आहेत, ती पाडलीस तर सगळं घर पडेल.

"काका, ही भिंत तुमचे दात धरून ठेवत नाहीये," ती म्हणाली, "हीच त्यांना बाहेर काढतेय."

मग काय, वासलं तोंड.

अर्धं तोंड एकदा, उरलेलं पुढच्या खेपेला, असं ठरलं. सुई देऊन एक बाजू बधिर केली. वरचं जाड कीटण काढायला एक थरथरणारं यंत्र आहे, त्यातून पाणी उडतं आणि ते डासासारखं किंचाळतं. पण आपल्याकडची वीज तुला माहीत आहे. यंत्र अर्ध्यावर बंद पडलं. ओदिलियाने कपाळाला हात लावला नाही की काही नाही. वाकड्या टोकाची बारीक हत्यारं काढली, छोट्या दगडावर धार लावली आणि हाताने सुरू झाली. टोक हिरडीखाली घालायचं, मुळाला टेकवायचं आणि वर ओढायचं. परत घालायचं, परत ओढायचं. तोंडातून जे काय निघालं ते मी देल्फिनाला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

आता मजा ऐक. दुखत नव्हतं, पण ऐकू येत होतं. जबड्याच्या हाडातून थेट कानात. आधी खर्रर्र, पाट्यावर भिजलेला मका वाटावा तसं. मग ती ओढत राहिली तसतसा आवाज बदलत गेला, खरखर कमी झाली आणि शेवटी एक स्वच्छ, चढा सूर लागला. मी बोट वर केलं. ती थांबली. तिला वाटलं दुखलं. मी खुणेने सांगितलं, इथे साफ झालं, पण मागच्या कोपऱ्यात अजून नाही. तिने सळई घालून चाचपलं. होता एक खडा.

त्यानंतर तुझा भाऊ त्या खुर्चीत बँडमास्तर होऊन बसला. सूर लागला की बोट वर, नाही लागला की बोट हलवायचं. एकदा मी मोठ्या तोऱ्यात बोट हलवलं, तर ती म्हणाली, काका, मी हत्यार बाहेर काढलंय, दार वाजतंय. मग दोघंही हसलो. अर्धं तोंड बधिर असताना हसणं काय दिसतं ते तू बघायला हवं होतंस.

आणि मी गाढव. तिथून निघालो तो थेट तालमीला. तिने बजावलं होतं, आज वाजवू नका. पण सण जवळ आलाय, मला कुठलं राहवतंय. ट्रम्पेट ओठाला लावलं, तर एका बाजूचा ओठ माझा आणि दुसऱ्या बाजूचा कुणाचा तरी. आवाज आला तो तांबड्या गाईचा. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ शर्टावर, आणि ती मला कळतही नाही. आमच्या बँडमास्तर अबुंदिओंच्या हातातली छडी गळून पडली. सगळा बँड दात काढत होता, तुबावाला तर तुबाच्या आत तोंड घालून. त्यावर मी घरी येऊन मेस्काल दारूने चूळ भरली, जंतू मरावेत म्हणून. सुई उतरल्यावर जे झोंबलं, की देल्फिनाने शेजारणीला बोलावून दाखवलं.

इथवर लिहून जेवायला उठलो होतो. आज टाळू सोलेल इतकी कडक भाजलेली मक्याची तोर्तिया खाल्ली. नुसती. कॉफीत न भिजवता. हे मुद्दाम लिहितोय.

पण दुसऱ्या खेपेनंतरचे मधले दिवस वाईट गेले, तेही सांगायला हवं. हिरड्यांची सूज उतरली आणि दातांमधे फटी दिसायला लागल्या. बोलताना वारा जायचा, थंड पाणी लागायचं, वरचा सूर तर सोडच. मला वाटलं, झालं, संपलो. पोरीने हौसेपायी काकाचा गळा कापला. मी तिच्याशी बोलणं बंद केलं. एकाच टेबलावर बसून जेवायचो आणि मीठ हवं तर देल्फिनाला सांगायचो, मीठ तर पोरीच्या हाताशी असायचं. तिने वाद घातला नाही. रोज जेवण झाल्यावर माझ्यासमोर ब्रश आणि फटीत घालायची ती इवलीशी काटेरी काडी ठेवायची आणि भांडी घासायला जायची. या बाबतीत ती अगदी तुझी मुलगी आहे. मारून टाकलं तरी मागे हटायची नाही.

मग एके सकाळी चूळ भरली तर रक्त नाही. गुरुवारी तालमीत वरचा सूर लावला आणि दात जागेवर राहिले. सूर पूर्वीइतका गोल नाही, पण माझा आहे. मी तिथून उठलो, दवाखान्यात गेलो, बाहेर बायका बसल्या होत्या त्यांच्यासमोर तुझ्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.  ती म्हणाली, फटी काही भरणार नाहीत काका, पण दर तीन-चार महिन्यांनी साफ करत राहिलात तर दात राहतील.

आता खरं काय ते.

गेल्या वर्षी तुमच्या बँडबरोबर तुझं क्लॅरिनेट आलं होतं. शाळेच्या बाई वाजवत होत्या. मी सहज हातात घेतलं. मुखनळीवर जिथे वरचे दात टेकतात, तिथे सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलेलं होतं. थरावर थर. बाईंचे दात दगडासारखे आहेत, त्यांना त्याची गरज नव्हती. ते रबर तुझं होतं. मी क्लॅरिनेट परत दिलं आणि कुणाला काही बोललो नाही. पण त्या दिवसापासून मला माहीत आहे की वॉल्ट्झ कुणी ओढत नव्हतं. तुला त्या लयीत दम आणि दात दोन्ही पुरत नव्हते, आणि ते बोलायचं नव्हतं म्हणून तू माझ्याशी भांडलास. बरं केलंस. माझ्याशी नाही तर कुणाशी भांडणार?

काल मी ओदिलियाला उगाच विचारल्यासारखं विचारलं, समज एखाद्याचे वरचे पुढचे दात हलत असतील, वाद्य सोडून दिलं असेल, तर काही होतं का? हातातल्या हत्याराला धार लावता लावता ती थांबली.

"बाबांचं विचारताय ना?" ती म्हणाली. "मला माहीत आहे. घरी तोर्तिया भिजवून खातात, हसताना तोंडावर हात धरतात. काका, दोन गावांची तोंडं मी बघते. माझ्या बापाचंच मला बघता येत नाही."

रडली नाही ती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

तुला लाज वाटते, हे मला कळतं. लेकीसमोर तोंड उघडायचं आणि तिने आतलं सगळं बघायचं. पण फिदे, तिला पहिला दात येत होता तेव्हा रात्रभर कोण जागायचं? तूच ना? बोट मेस्कालमधे बुडवून तिची हिरडी चोळत बसायचास आणि मधे मधे तेच बोट स्वतः चाटायचास. तिला लाज वाटली होती का तेव्हा?

तिने काही वचन दिलेलं नाही, मीही देत नाही. ती म्हणाली, बघितल्याशिवाय सांगणार नाही. मुळं साफ झाली तर हिरड्या धरू शकतात, फार हलणारे दात शेजारच्या दातांना तारेने बांधता येतात, आणि एखादा काढावाही लागेल. सणाला वाजवता येईल की नाही, हे तिला आज माहीत नाही. पण आत्ता सुरू केलं तर सणापर्यंत कळेल. उशीर केला तर फक्त दात पडलेले कळतील.

ट्रक रविवारी बाजाराला येतो. त्यात बस. क्लॅरिनेट घेऊन ये, रबर काढू नकोस. देल्फिना तुझ्यासाठी घेवड्याचे तमाल करणार आहे, मऊ, म्हणजे तुझी अडचण नको. ती सगळं ओळखून आहे, बायका ओळखतातच. ओदिलियाला या पत्राचं सांगितलेलं नाही. रविवारी दवाखाना बंद असतो, पण किल्ली माझ्याकडे आहे. मी खुर्चीशेजारी बसेन. सूर कुठे लागला नाही ते तुलाही ऐकू येईल, तुझे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. हे मी आजवर कधी बोललो नव्हतो, आता लिहून दिलंय.

सणाला ये, असं मी अजूनही म्हणत नाही. रविवारी ये म्हणतोय. आणि सणाच्या दिवशी तुझ्या हातात क्लॅरिनेट असलं तर वॉल्ट्झची लय तू धर, मी तुझ्यामागून येतो. नसलं, तरी माझ्या शेजारच्या खुर्चीत बस आणि पायाने लय दे.

तुझी खुर्ची पुसून ठेवणारा,
तुझा दादा
सेवेरो