अहो, गाडी चालू झाली

अहो,

शिरूरच्या दवाखान्यात बाकावर बसून लिहितेय. पेन सिस्टरकडून मागून घेतलं, कागद शेजारच्या बाईंनी दिला. आत आपली ऋतू आहे. दाराला काच आहे, पण आतून पडदा ओढलाय. कुणाशी बोलू? माझा दादा यवतवरून निघालाय, अजून पोचला नाही. तुमचे आबा बाहेर बसलेत, आत यायला तयार नाहीत. तुम्ही गेल्यापासून मी तुमच्याशी मनातल्या मनातसुद्धा बोलले नव्हते. रागावले होते म्हणा ना! पण आज मला दुसरं कोण आहे?

ऋतूला घोणस चावली.

लिहिलं एकदाचं. कालपासून हे वाक्य मी फोनवर किती जणांना सांगितलं, पण तुम्हाला सांगायला हात उचलत नव्हता. तुमची लेक आहे ती. माझ्यापेक्षा तुमचीच जास्त.

काल दुपारी ती विहिरीवरची मोटार बंद करायला गेली. उसाच्या कडेनं येताना पायाला कायतरी लागलं म्हणून खाली बघितलं आणि ओरडली. शेजारच्या वस्तीवरचे बिरू मामा बांधावरच होते. त्यांनी तिला उचलून अंगणात आणली. "घोणस हाय मंगल, मी डोळ्यांनी बघितली. येळ घालवू नको." घोट्यावर दोन टिपके, आणि बघता बघता पाय सुजायला लागला. मामी दोरी बांधायला धावल्या, मी बांधू दिली नाही. गावातल्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "इथं आणू नका, थेट शिरूरला न्या. मी पुढं कळवतो. तिला चालू देऊ नका."

न्यायचं कशात? नेमकं कालच गावातलं लग्न तळेगाव ढमढेऱ्याला होतं. गावातल्या सगळ्या गाड्या वऱ्हाडात. मामांचा पोरगा मोटरसायकल घेऊन तिकडंच. अँब्युलन्सला फोन लावला, ती लांब होती, निघते म्हणाले. मामा म्हणाले, "ट्रॅक्टरवर टाकू." त्या खड्ड्यांतून, ट्रॉलीत, शिरूरपर्यंत? आणि शेडमध्ये तुमची गाडी उभी!

तुमची ती हायब्रिड, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर पळणारी. दौंडच्या रेल्वेतल्या साहेबांकडून घेतलेली. घरी आणली त्या दिवशी अंगणात फेऱ्या मारून दाखवत होता, "बघ मंगल, आवाज तरी येतोय का!" पोळ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही कंपनीत कोसळलात, आणि तुमच्या मित्रांनी ती दारात आणून लावली. तेव्हापासून ती हलली नाही. मला येते की चालवायला, तुम्हीच शिकवली. पण आबा म्हणाले, "गाडीला हात लावायचा न्हाई कुणी." मी वाद घातला नाही. घरात तुमचं नावच कुणी घेत नव्हतं, तिथं गाडीचा विषय कोण काढणार?

किल्ली घेऊन पळाले. बटण दाबलं, कुलूप उघडेना. किल्लीच्या पोटातली लोखंडी किल्ली काढून दार उघडलं. आत बसले, ब्रेक दाबला, बटण दाबलं. काहीच नाही. दिवा नाही, आवाज नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. मामा मागून म्हणाले, "न्यूट्रल कर, धक्का मारतो." पण तुमच्या ह्या गाडीचा गिअरसुद्धा बॅटरीवर! हलेचना. आपली जुनी गाडी कशी दोन माणसांच्या धक्क्यावर सुरू व्हायची. ती विकून ही शहाणी कशाला आणलीत हो? खरं सांगते, त्या क्षणी मी तुम्हाला शिव्या दिल्या. मोठ्यानं दिल्या.

आणि तेव्हा आबा खाली बसले. शेडच्या खांबाला धरून, मातीत.

"मी मारली बॅटरी," म्हणाले. "रोज दुपारी तुम्ही कामात असता, तवा मी बसायचो आत. बटण दाबलं की त्यो पडदा उजळायचा, रेडिओ लागायचा. सुभाषनं लावलेला तसाच. वाटायचं, डिझेल भरायला उतरलाय, येईल आता."

डिझेल! तुमची गाडी पेट्रोलची, हेसुद्धा त्यांना माहीत नाही. अहो, मला आधी रडायला हवं होतं. पण मी ओरडले, "आबा, काय करून बसलात हे!" ते नुसते ऋतूकडे बघत राहिले. तिला तेव्हा उलटी झाली.

दादाला फोन लावला. तो म्हणाला, "मंगे, हायब्रिडला हात लावू नको. लई करंट असतो तिच्यात. मेकॅनिक बोलाव." मेकॅनिक कुठून आणू? मामाही मागं सरले. "झटका बसला तर पोरगी ऱ्हायली बाजूला, आणखी एक जायचं." मला पटलं. मी घाबरले होते. तुम्ही आयुष्यभर विजेचं काम केलंत, मी साधा फ्यूज कधी बदलला नाही.

मग बाजेवरून ऋतू बोलली. ओठ वाळलेले, डोळे अर्धे मिटलेले.

"मम्मी, मोठी नाही गं मेली. छोटी मेलीय. पप्पांनी दाखवलं होतं."

"कुठं? काय दाखवलं होतं?"

"मोठी बॅटरी गाडी पळवती. छोटी तिला उठवती. छोटीला ट्रॅक्टरनं करंट द्यायचा. वायर डिकीत हाय."

डिकी कुठं उघडतेय, तीही बॅटरीवर! "मागची सीट पाड, आतून जा," पोरगी म्हणाली. मी सीट पाडली आणि साडी गोळा करून आत शिरले. अंधारात हात फिरवला तर तुमचे कंपनीचे बूट हाताला लागले. मोजे तसेच आत कोंबलेले. मी किती वेळा सांगायचे, मोजे धुवायला टाका म्हणून! एक क्षण मी तिथंच पडून राहिले. मग वायर सापडली.

मामांनी ट्रॅक्टर गाडीच्या नाकाला आणून लावला. मी बॉनेट उघडलं. "आता सांग बाळा."

"काळ्या डब्यात लाल टोपण असंल. तिथं लाल चिमटा. काळा बॅटरीला नाही हां, इंजिनाच्या उघड्या बोल्टाला. भगव्या वायरींना शिवू नको, त्यात मोठीचा करंट हाय."

भगव्या वायरी मला दिसल्या. जाड जाड, सापासारख्या. चिमटा माझ्या हातातून दोनदा सुटला. आबा उठून आले, त्यांनी माझं मनगट धरलं. ओरडले होते मी त्यांच्यावर, तरी धरलं. मामांनी वायरीची दुसरी टोकं ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडली. शेवटचा काळा चिमटा मी लावताना बारीकशी ठिणगी उडाली आणि मामी किंचाळल्या. मला काही झालं नाही.

"लगेच नको दाबू," ऋतू म्हणाली. "जरा थांबायचं असतं."

थांबायचं! तिचा पाय गुडघ्यापर्यंत भरत आलेला आणि आम्ही ट्रॅक्टरच्या धडधडीत उभे. अहो, तुम्ही बघत होतात का? कुठून तरी बघत होतात का? मी देवाचं नाव घेतलं नाही, तुमचं घेतलं. पहिल्यांदा घेतलं. सुभाष, सुभाष, म्हणत होते.

ब्रेक दाबला, बटण दाबलं. समोर सगळे दिवे पेटले आणि हिरव्या अक्षरांत 'रेडी' उमटलं. पण आवाज काहीच नाही. मामा ओरडले, "झाली का न्हाई चालू?" आबांनी तोंड फिरवलं, त्यांना वाटलं संपलं. मी रिव्हर्स टाकला, गाडी हातभर मागं सरकली. "झाली आबा! चालू झाली! पोरीला घ्या!"

आबा आत बसेनात. "मी न्हाई. माझ्यामुळं झालंय." मी सांगितलं, "तिचा पाय कोण धरणार? बसा!" मग बसले. ऋतूला मागं आडवी केली, पाय आबांच्या मांडीजवळ, हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेला.

कवठ्याचा रस्ता तुम्हाला ठाऊक आहे. कारखाने सुरू झालेत, उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चाललेल्या. मी हॉर्नवरचा हात काढला नाही. एका ट्रॉलीवाल्याला काच खाली करून ओरडले, "साप चावलाय पोरीला!" तर त्यानं अख्खी ट्रॉली कडेच्या मातीत घातली. कोण होता कुणास ठाऊक. मागून आबा सारखे विचारत होते, "ऋतू, झोपू नको. बोल काहीतरी. बाप काय शिकवायचा तुला?" आणि ती एकेक सांगत होती, अडखळत. जळालेली मोटार पुन्हा कशी बांधायची. टेस्टर कसा धरायचा. मग तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि ती गप्प झाली. तिथून पुढचा रस्ता मला आठवत नाही.

दवाखान्याच्या दारात गाडी तशीच सोडली. वॉचमन म्हणाला, बंद करा. आबा म्हणाले, "बंद न्हाई करायची. परत उठली न्हाई तर? पुण्याला न्यावं लागलं तर?" आणि ते तिथंच बसून राहिले, गाडी राखत.

सापाची लस लगेच सुरू केली. डॉक्टर चांगले आहेत, पण तोंडावर सांगितलं, "रक्त गोठत नाहीये. किडनीवर जाऊ शकतं. लघवी होतेय का यावर सगळं आहे." तुमच्या लेकीचं आयुष्य त्या नळीच्या पिशवीवर येऊन ठेपलं. रात्रीचं काही सांगत नाही तुम्हाला. पिशवी रिकामीच होती, एवढंच. तुम्ही असे न सांगता निघून गेलात, आता ही पण? मी काय करू, कुठं जाऊ? माझ्यात दुसऱ्यांदा हे सोसायची ताकद नाही हो.

सिस्टरनं आत बोलावलंय. थांबा.

आले. घाईत लिहितेय, अक्षर लागेल का तुम्हाला? रक्त गोठायला लागलंय. रक्ताळलेली का असेना, पण पिशवीत लघवी उतरली. डॉक्टर म्हणाले, "अजून दोन दिवस लक्ष ठेवू. पायाची थोडी कातडी जाईल कदाचित. पण पोरगी राहील." पोरगी राहील म्हणाले! मी त्यांचे पाय धरायला वाकले, त्यांनी धरू दिले नाहीत. ऋतूनं डोळे उघडून विचारलं, "वायर काढली का गं ट्रॅक्टरची?" घरातून निघण्याआधीच काढली होती मामांनी. तिला हो म्हटलं, मग झोपली.

बाहेर जाऊन आबांना सांगितलं. ते स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते. ऐकलं आणि रडायला लागले. अहो, तुम्हाला अग्नी देताना रडले नव्हते ते. पोळ्यापासून साठलेलं सगळं बाहेर आलं. "माझा सुभाष, माझा सुभाष," म्हणत होते, रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. मी शेजारच्या सीटवर बसले आणि मीही रडले. तोंड झाकलं नाही.

आम्ही तिघं एका घरात राहून तीन ठिकाणी रडत होतो. ते दुपारी शेडमध्ये, मी मोरीत, आणि ऋतू कुठं रडायची ते मला अजून माहीत नाही. तिला विचारणार आहे.

म्हणून तुम्हाला शब्द देते. आता घरात तुमचं नाव घेतलं जाईल. जेवताना, भांडताना, मोटार बिघडली तर, पोरीचा निकाल लागला तर. आबांना एकट्याला दार लावून बसू देणार नाही आणि ऋतूला बापाबद्दल बोलताना आईचं तोंड बघावं लागणार नाही. मला जमणार नाही असं वाटेल तेव्हाही बोलेन. तुम्ही फक्त आणखी दोन दिवस तिच्या उशाशी थांबा. एवढं करा.

तुमचीच,
मंगल