समोरच्या दुकानातला पेरू

५ जानेवारी, सकाळी
हिच्या हिरड्यांतून रक्त येतंय. रिपोर्ट आला: व्हिटॅमिन सी कमी. कोणाच्या बायकोला? बावीस वर्षं फळांचं दुकान चालवणाऱ्याच्या! डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी फळं येतात का. हिने तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, टोपलीभर, रोज. ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली. घरात सिगरेट कोण ओढतं, हेही विचारलं. त्या धुरानेही सी घटतं म्हणे. मी खिडकीत ओढतो. खिडकी घरात धरत नाहीत.

६ जानेवारी
संकल्प: हिला रोज एक पहिल्या प्रतीचा पेरू. सिगरेट बंद.
संध्याकाळी: पेरू बाजूला काढला होता. नेमक्या शाळेतल्या बाई आल्या, जुनं गिऱ्हाईक, आणि बोट त्याच्यावरच. गिऱ्हाईक दुखवून धंदा होतो का? घरी नेहमीची टोपली नेली. मऊ पडलेला, डागाळलेला माल. डाग कापला की आत फळच असतं.

९ जानेवारी
मऊ संत्री पातेलंभर उकळून ठेव, वाया जाणार नाहीत, असं हिला सुचवलं. म्हणाली, उकळल्यावर सी राहत नाही, डॉक्टरीणबाई सांगत होत्या तेव्हा तुमचं लक्ष कुठे होतं? वाद नको म्हणून खिडकीत गेलो. एकच ओढली.

२० जानेवारी
रक्त थांबलं. हिच्या चेहऱ्यावर तजेला. माझ्या टोपलीचा गुण! बहिणीला फोन करून सांगितलं, तर नुसती हसली. माझे कान तिखट आहेत. ते हसू सरळ नव्हतं.

२७ जानेवारी
घात! केराच्या डब्यात पेरूचा देठ, हिरव्या पानासकट. पानासकट माल ठेवतो तो समोरचा. चौदा वर्षं मी त्याच्याकडे मान वळवली नाही, आणि माझी बायको त्याचं गिऱ्हाईक! बहिणीलाही ठाऊक होतं. हिला जाब विचारला. शांतपणे म्हणाली, चांगला माल तुम्ही गिऱ्हाइकाला देता ना, मग मी झाले कुठेतरी गिऱ्हाईक.

२८ जानेवारी
बस्स. दुकानातला सगळ्यात देखणा पेरू कागदात गुंडाळून गल्ल्याखाली दडवला. आज ही माहेरी. आली की हातावर ठेवणार. समोरच्याचं दुकान बंद समजा.

१ फेब्रुवारी, दुपारी
ही काल आली. पेरू आज आठवला. मऊ.
मान खाली घालून रस्ता ओलांडला, समोरच्याकडचा एक उचलला. तो म्हणाला, अहो, तेवढा राहू द्या, वहिनींचा आहे, सकाळीच बाजूला काढलाय.
परत येऊन गल्ल्याखालचा मीच घेतला. डाग कापला. आतही डागच होता.