शेटजी आज आपल्या अंगणात आले

बाबा,

पाया पडते, पण रागातच. आज सकाळी शेटजी आपल्या दारी आले होते. चपला काढून तुरीच्या पोत्यांपाशी उभे राहिले आणि हात हलवत परत गेले. आई म्हणाली, "कशाले माणसाले दुखवतं?" मग हा आनंद सांगू कुणाला? म्हणून तुम्हालाच लिहिते.

तुमची शेवटची तूर आठवते? अडतीच्या दुकानात शेटजी तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "भाऊ, इकून टाक. बाहेरून बोटीनं तूर येऊन राह्यली. भाव पडते." मी म्हटलं, थांबा. तुम्ही मलाच दटावलं, "आपला मानूस हाय तो. आपल्याले काऊन फसवन?" विकली सगळी. उन्हाळा लागला आणि भाव असा चढला! आपली विहीर मात्र अर्धी खणलेली राहिली ती राहिलीच. आणि तुम्ही काय म्हणालात? "जाऊ दे." अहो बाबा, तुमच्यासारख्यांच्या 'जाऊ दे'वरच त्याच्या घरावर मजला चढला!

त्याच पावसाळ्यात तुम्ही गेलात. तेरवीला तो पंगतीत बसून रडला. मी त्याला वाढलं आणि मनात गाठ बांधली.

हिंगणघाटच्या एसटीतून त्याचं गोदाम दिसतं. मी खिडकीची जागा धरू लागले. पोती आत चाललीत की बाहेर, एवढंच पाहायचं. हा तोंडानं मंदी सांगतो आणि गोदाम भरत बसतो. मुखी राम, बगलेत सुरी! इतकी वर्षं आपण सगळे त्याच्या तोंडाकडेच बघत राहिलो ना? यंदा मी आपल्या अल्लीपुरातल्या बायांना त्याचं गोदाम दाखवलं. एकीच्याही घरून तूर हलली नाही.

मोठा बाजार कुणाच्या हातात आहे, मला कळत नाही. खत चढतं, डिझेल चढतं, दुकानातली डाळ कधी उतरत नाही. उतरते ती फक्त आपल्या पोत्यातली तूर. दिल्लीत कुणी सही करतं, बंदरावर बोट लागते आणि इथे आपलं तोंड उतरतं. त्यांच्यावर सूड कसा घ्यायचा? हा मात्र हाताशी होता.

डाळमिलला कबूल केलेला माल पुरा होईना, म्हणून स्वारी दारोदार फिरतेय. सवयीनं त्यानं पोत्यात हात घातला, वानगीची मूठ भरली आणि खिशाकडे नेली.

"शेटजी, मूठ सोडा," मी म्हटलं.

"पोरी, तुया बाप माया दोस्त होता."

"म्हनूनच म्हनते, सोडा."

शेजारच्या बाया कुंपणाशी उभ्या होत्या. त्यानं मूठ उघडली. दाणे पोत्यात पडले. भाव वाढवून बोलला, मी ऐकून घेतलं आणि त्याला चहासुद्धा विचारला नाही. तुम्ही असता तर विचारला असता. तुमचा हाच गुण मला कधी आवडला नाही, बाबा.

भाव उद्या पडेलही. रात्री दोनदा उठून पोती मोजते, खोटं कशाला बोलू? पण तोटा झाला तरी तो माझ्या अकलेनं होईल.

शब्द देते. गावातल्या सगळ्या बायांची तूर एकाच दिवशी निघेल, दुसऱ्या अडत्याकडे. सगळे ट्रॅक्टर त्याच्या गोदामावरून नेईन. तिथे थांबेन, खाली उतरेन आणि बाजारातल्या चार माणसांदेखत त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारेन, "काय शेटजी, भाव पडते का हो?"

तुमची न ऐकणारी,
कुंदा