बांबू-रेक्झिनची गाडी सोडून मिळण्याबाबत

दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
वाहन तपासणी व नोंदणी उपकक्ष,
चौक फाटा, ता. खालापूर, जि. रायगड.

विषय : वाहन नसलेली वस्तू वाहन म्हणून जप्त झाल्याबाबत, आणि पुढे तिचे खरे वाहन करण्यासाठी मार्गदर्शन मिळण्याबाबत.

संदर्भ : १) माझा मार्गदर्शनासाठीचा अर्ज (उत्तर नाही).
२) त्याचे स्मरणपत्र (उत्तर नाही).
३) आपल्या पथकाचा जप्ती पंचनामा (न मागता मिळाला).

महोदय,

मी सफुरा झहीर बुबेरे, राहणार कुंभिवली, हायवेलगतच्या माझ्या दुकानात ट्रक, टेंपो आणि रिक्षांची सीट कव्हरे शिवते. आपल्या खिडकीवरचे कर्मचारी मला ओळखतात, पण पुढचे वाक्य ऐकून घेत नाहीत, म्हणून सर्व लिहून देत आहे.

१) मी दोन माणसांची, बुटकी, विजेवर चालणारी स्पोर्ट्स कार घरी बांधायचे ठरवले आहे. याआधी मी गाडी बांधलेली नाही. शाळा सातवीपर्यंत झाली. बाकीचे मोबाईलवरचे व्हिडिओ थांबवत-थांबवत आणि दुकानात आलेल्या गाड्यांच्या पोटात डोकावत शिकले. बॅटरीचे काम मी करणार नाही, त्यासाठी शिकलेला माणूस लावणार आहे. बाईला शिवणकाम चांगले येते म्हणून वीज तिची गय करणार नाही, हे मला समजते.

ही गाडी माझे पती झहीर यांच्यासाठी आहे. त्यांचा स्वतःचा टेंपो होता. माल भरून घाट चढताना बुटक्या गाड्या त्यांच्या बाजूने सुसाट जात, आणि रात्री जेवायला बसले की ते मला त्या गाड्यांचे वर्णन सांगत. रस्सा निवून जायचा. पक्षाघातानंतर त्यांचा डावा पाय नीट चालत नाही, टेंपो विकावा लागला. विजेच्या गाडीला क्लच नसतो, म्हणजे डाव्या पायाला काम नसते. डॉक्टर आणि आपण दोघे हो म्हणेपर्यंत ती रस्त्यावर येणार नाही, हे मी पहिल्या अर्जातही लिहिले होते.

२) बाकीचे लोक गाडी चाकांपासून किंवा सांगाड्यापासून सुरू करत असतील. मी सीटपासून सुरू केली. आमच्या धंद्यात ड्रायव्हरला आधी बसवतात, मग कापड कापतात. त्यामुळे लोखंडाला हात लावण्याआधी मी बांबू, फोम आणि लाल रेक्झिन घेऊन गाडीचा पूर्ण मापाचा नमुना केला आणि दुकानासमोर विटांवर ठेवला. त्याला चाके नाहीत, मोटर नाही, बॅटरी नाही. दरवाजाचा उंबरठा किती खाली घेतला म्हणजे झहीर यांना स्वतःहून आत बसता-उठता येईल, एवढेच त्यावरून ठरवायचे होते. रेक्झिन चुकले तर उसवता येते, वेल्डिंग उसवता येत नाही.

पहिल्या दिवशी ते म्हणाले, "अगं सफुरा, ह्यात बसायचं म्हंजे इहिरीत उतरायचं काम हाय. दोर बांध कमरेला." मी म्हटले, दोर दुकानात भरपूर आहे, बांधू का? तर बसले. दवाखान्यातल्या मॅडमनी सांगितलेला व्यायाम त्यांनी कधी केला नाही, "मी काय शाळेत हाय काय, पाय वर, पाय खाली?" म्हणायचे. पण या नमुन्यात ते रोज दुपारी उतरू लागले. मी उंबरठ्याचा बांबू सोडायची, पुन्हा खाली बांधायची. तेही दमायचे, मीही दमायची, आणि दोघेही एकमेकांवर खेकसायचो. असे चांगले चालले होते.

३) यात माझ्याकडून एक चूक झाली, ती मान्य करते. आमच्या धंद्यात मागची बाजू मोकळी सोडत नाहीत, काहीतरी शिवतातच. मी पांढऱ्या रेक्झिनवर काळ्या दोऱ्याने झहीर यांच्या जुन्या टेंपोचा नंबर शिवला, नंबरप्लेटच्या मापात. त्यांना बरे वाटावे म्हणून शिवला. कोणाला फसवायचे असते तर मी कडेला पिवळ्या पायपिंगची शोभेची किनार लावली नसती.

४) आपल्या पथकाने तो नंबर वाचला आणि नमुना जप्त केला. दोन कर्मचाऱ्यांनी तो खांद्यावर उचलून नेला. सारा हायवे बघत होता. पंचनाम्यात मात्र "वाहन चालू स्थितीत आढळले" असे लिहिले आहे, आणि मोटर नसल्याने "मोटर काढून लपविली आहे" असेही. एकाच पानावर ही दोन्ही वाक्ये आहेत.

५) त्यानंतर मी खिडकीवर गेले. तिथल्या गृहस्थांनी सांगितले, गाडी सोडवायची तर नोंदणीची कागदपत्रे आणा. मी नोंदणी कशी करायची ते विचारले. ते म्हणाले, "अहो बाई, ते वाहन नाहीच. बांबूची नोंदणी होते का कुठे?" मी म्हटले, मग वाहन नाही असे लिहून द्या, मी घेऊन जाते. त्यावर ते म्हणाले, "वाहन नाही तर जप्त कसं झालं असतं?" पुढच्या खेपेला त्यांनी प्रदूषणाचे प्रमाणपत्र मागितले, कारण त्या नंबरला संगणकात डिझेल दाखवते. आमच्या गावचा वेल्डर जितेश सांगाडा जोडायला तयार आहे, पण तो म्हणतो, "भाभी, आदी साहेबाचा कागद आणा, नायतर माजं मशीन पण उचलून नेतील." त्याला मी काय तोंडाने खोटे पाडू?

६) त्याच सुमारास लोधिवलीच्या भिवाजी यांना आपली नोटीस गेली. आमचा टेंपो त्यांनी विकत घेतला आहे, म्हणून तो नंबर आता त्यांच्या नावावर आहे. ते त्यात विटा वाहतात. मालवाहू टेंपोचे विनापरवाना दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये रूपांतर का केले, याचा खुलासा त्यांच्याकडे मागितला आहे. ते नोटीस घेऊन माझ्या दुकानात आले. "भाभी, टेंपो माज्या दारात उबा हाय, मी आत्ताच धुतला. ह्या कागदात त्याची रेसची गाडी झाली कशी? आणि झाली आसंल तर विटा कुठं भरू?" झहीर यांना हसू आवरेना. ते एवढ्यात हसले ते तेव्हाच. भिवाजींच्या टेंपोचा विटांसकट फोटो सोबत जोडला आहे.

७) आता जे पंचनाम्यात नाही ते लिहिते.

पथक आले तेव्हा झहीर नमुन्यात बसलेले होते. त्या दुपारी ते पहिल्यांदा माझा हात न धरता आत बसले होते. बसून त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी शिवणयंत्र थांबवून बाहेर आले. आपल्या कर्मचाऱ्यांनी त्यांना उतरायला सांगितले. ते म्हणाले, "उठतो रं बाबांनो. माजा मी उठतो. जरा थांबा." त्यांनी उजवा हात कडेला टेकवलाही होता. कर्मचाऱ्यांना पुढे जायचे होते. त्यांनी दोन बाजूंनी काखेत हात घालून त्यांना उचलले आणि माझ्या स्टुलावर ठेवले. ते उद्धटपणे वागले नाहीत, "काका, सांभाळून" असेही म्हणाले. पण त्या दिवसापासून झहीर स्टुलावरून किंवा पलंगावरून स्वतः उठायचा प्रयत्न करत नाहीत. मी उठा म्हटले की दोन्ही काखा वर करतात. ती थट्टा आहे, हे मला कळते. पण हात वर केल्यावर ते खरोखरच थांबून राहतात, आणि मला त्यांना उचलावे लागते. दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या आहेत की असेच बसून राहिले तर पाय आखडेल आणि मग गाडी कितीही बुटकी किंवा उंच केली तरी उपयोग नाही.

तरी माझी विनंती अशी :

भिवाजी यांची नोटीस मागे घ्यावी. शिवलेली नंबरप्लेट आपण ठेवून घ्यावी. चूक माझी आहे, नियमाने होईल तो दंड मी भरेन. घरी बांधलेल्या गाडीची तपासणी कोणत्या टप्प्यावर, कोणाकडे करून घ्यायची, ते एका कागदावर लिहून द्यावे. उत्तर "परवानगी मिळणार नाही" असे असेल तर तेही लिहून द्यावे, मी दुसरा मार्ग शोधेन. आणि नमुना वाहन, फर्निचर किंवा भंगार, जे नाव आपल्या संगणकात बसेल त्या नावाने सोडावा. मी त्यावर सही करेन.

सोडायला वेळ लागणार असेल तर तोपर्यंत झहीर यांना रोज दुपारी आपल्या आवारात येऊन त्यात बसण्याची परवानगी मिळावी. रिक्षाने मी आणीन. ते यायला नाही म्हणतील, ते माझ्यावर सोडा. आपल्या कर्मचाऱ्यांना मात्र एवढा लेखी आदेश व्हावा की ते उठत असताना कितीही वेळ लागला, रांग कितीही खोळंबली, तरी कोणीही त्यांना हात लावू नये. मीही लावणार नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

सफुरा झहीर बुबेरे
सीट कव्हर दुकान, कुंभिवली, ता. खालापूर