बाबांच्या नावापुढचं शून्य

३ मार्च, सकाळी ७
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या माणसांच्या वह्या पुढे उपयोगी पडतात.
ऑफिसात साहेबांनी आमच्या भागाचा बससाठीचा सर्व्हे माझ्यावर सोपवला. दोनशे घरं. कोण काल किती ठिकाणी गेलं, ते विचारायचं. जाणं एक ट्रिप, येणं दुसरी. घरटी सरासरी आठ भरली की आमच्या रस्त्यावरून बस सुरू. बाबांना म्हटलं, बस आलीच समजा. त्यांचे ऑफिसातले एक जुने मित्र पुलापलीकडे राहतात. गुडघे गेल्यापासून भेट नाही. स्टॉप कुठे असेल, असं बाबांनी दोनदा विचारलं.

५ मार्च
स्वतःचा फॉर्म्युला बसवला. माणसं गुणिले दोन, गाडी असल्यास अधिक एक. सरासरी नऊ येते. सर्व्हे म्हणजे नुसती औपचारिकता.

८ मार्च
श्रीगणेशा आमच्याच घरापासून. बायको चार, मुलगी दोन, मी दोन. बाबा शून्य. बायको म्हणाली, बस नाही म्हणून ते जात नाहीत, तसं लिहा. तिला शांतपणे समजावलं की फॉर्मात तसा रकानाच नाही. ती भांडी जोरात आपटत होती. शास्त्र सगळ्यांना झेपत नाही.
रविवारी बाबांना गाडीतून मित्राकडे न्यायचं. नक्की.

१२ मार्च, रविवार
फॉर्मांचा ढीग. जमलं नाही. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून अकरापर्यंत बसले होते. आधी सांगायला हवं होतं, पण मी कामात होतो. पुढचा रविवार पक्का.

१७ मार्च
दोनशे घरं पूर्ण! पाय तुटले. दर तिसऱ्या घरात कुणीतरी म्हातारं माणूस दाराशी खुर्ची टाकून बसलेलं. त्यांचे फॉर्म झटपट होतात. एक आजी म्हणाल्या, बस आली तर बहिणीकडे जाईन. त्यांना म्हटलं, आजी, कालचं सांगा.

१९ मार्च, रविवार
सरासरी ७.६. पुन्हा काढली, ७.६. कॅल्क्युलेटर बदलला. फॉर्म्युला बरोबरच आहे, आमच्या भागातली माणसंच घरकोंबडी.
बाबांना न्यायचं ते रिपोर्ट दिल्यावर बघू. डोकं ठिकाणावर हवं.

२२ मार्च
रिपोर्ट दिला. साहेब म्हणाले, काम चोख. बस नामंजूर, मागणीच नाही. मी म्हटलं, ७.६ म्हणजे जवळपास आठच. ते म्हणाले, आकडे तुमचेच आहेत. वर पाठ थोपटली. हसावं की रडावं कळेना, म्हणून थँक्यू म्हटलं.
घरी बायकोला सांगितलं. बाबांना सांगायचं धाडस होईना. तिनेच सांगितलं. माझ्याशी ती बोलत नाही.

२६ मार्च, रविवार
नऊ वाजता गाडी पुसून दारात उभी केली. बाबांना म्हटलं, चला, मित्राकडे. बाबा पेपर वाचत होते. म्हणाले, त्याला त्याचा मुलगा स्वतःच्या गावी घेऊन गेला, कायमचा. बुधवारी निघताना त्याचा फोन आला होता.
म्हटलं, मग बाबा, दुसरीकडे कुठेतरी जाऊ. तुम्ही म्हणाल तिथे.
बाबांनी पेपराची घडी घातली. म्हणाले, नको रे, मला कुठे जायचंच नसतं.
पासष्ट घरांतल्या म्हाताऱ्यांच्या नावापुढे शून्य टाकून मी हेच उत्तर लिहून आणलंय. खाली सह्या घेऊन.