पात्यांच्या जोड्या

बाबा, आज दुकानातली पाती धुवायला बसले आणि तुम्ही गेल्यापासून न उघडलेल्या ड्रॉवरमध्ये तुमचा चष्मा सापडला. लावून पाहिला, तर सगळं आहे तसंच दिसलं. तेव्हापासून कामात लक्ष लागेना, म्हणून हे लिहिते आहे.

बोईसरला मी कुत्र्यांचे केस कापायचं दुकान काढलं, तेव्हा तुम्ही आठवडाभर माझ्याशी धड बोलला नव्हतात. तारापूरच्या कारखान्यात जन्मभर फिटर असलेला माणूस. मुलीने शिकूनसवरून कुत्र्यांची हजामत करावी, हे गावी माकुणसारला कोणाला सांगायची तुम्हाला चोरी. मग एकदा डबा द्यायला आलात आणि माझ्या मशीनचं पातं पाहिलंत. त्यात अडकलेले केस, कडेला खाऱ्या हवेचा गंज आणि वर मी सढळ हाताने ओतलेलं घरचं खोबरेल. "खोबरेल डोक्याला लाव. यंत्राला नाय," एवढंच म्हणालात, आणि दुसऱ्या दिवसापासून मागच्या खोलीत स्टूल टाकून बसलात ते कायमचे.

अजून दिसताय मला. जुन्या टूथब्रशने केस झाडताय, पातं उघडून थाळीत घासलेटने धुताय, कोरडं पुसून मोजून दोन थेंब मशीनचं तेल घालताय. पात्याचे दोन भाग, खालचा कंगवा आणि त्यावर सरकणारा दातेरी तुकडा. ते एकमेकांवर घासून बसलेले असतात, दुसऱ्याशी जुळत नाहीत. म्हणून तुम्ही ते वर्तमानपत्रावर जोडीजोडीने वाळत घालायचात, आणि त्या कागदाला हात लावायची मला सक्त मनाई होती.

एके दिवशी तुम्ही चहाला गेला होतात. नुकती आंघोळ घातलेला एक लॅब्राडोर माझ्या हातून सुटला आणि अंग झाडत थेट मागच्या खोलीत. पाती वाचवायला मी कागदाचे चारही कोपरे धरले आणि गाठोडं उचललं. आठ जोड्यांची खिचडी झाली. तुम्ही यायच्या आत मी त्या अंदाजाने पुन्हा मांडल्या. तुम्ही येऊन विश्वासाने तेल घातलंत, स्क्रू आवळलेत, आणि संध्याकाळी वसाहतीतल्या एका बाईंच्या केसाळ कुत्र्यावर मशीन नुसतं घरघरलं. केस कापायचे सोडून ओढायला लागलं. एका बाजूला अर्धवट कापलेल्या कुत्र्याने मशीनकडे पाहिलं, बाईंनी माझ्याकडे. मी तोंड उघडणार, इतक्यात तुम्ही पुढे झालात.

"बाई, चूक माजी हाय. जोड्या मीच बदलल्या. आता डोळं साथ देत नाय."

मी ते तसंच राहू दिलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही प्रत्येक तुकडा प्रत्येकावर बसवून, मशीन स्वतःच्या डाव्या हातावर चालवून जोड्या लावल्यात. त्या हातावर एक केस उरला नाही. मुरबे गावातल्या एका लग्नात भाजलं का म्हणून चौघांनी विचारलं, तेव्हा तुम्ही निमूट बाही खाली ओढलीत. मग पात्यांवर नंबर कोरलेत आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलात. डॉक्टर म्हणाले, नंबर नावापुरता आहे, चष्मा नाही लावला तरी चालेल. तुम्ही त्यांनाच समजावलंत की तुमच्या हातून जोड्या चुकल्या आहेत, आणि चष्मा करून घेतलातच.

त्यानंतर प्रत्येक जोडी लावली की तुम्ही माझ्यापुढे धरायचात. "बघ गो, बरोबर हाय ना?" कारखान्यात ज्यांच्या मापाला कोणी दुसऱ्यांदा माप लावत नसे, ते तुम्ही. मी गंभीर चेहऱ्याने पातं उजेडात धरायची आणि हो म्हणायची. ते नेहमीच बरोबर असायचं. डोळे ठणठणीत होते तुमचे, बाबा.

हे पत्र मी चष्म्याच्या घरात घडी करून ठेवणार आहे. सांगायचं धाडस झालं नाही, असं आजवर स्वतःला समजावत आले. तेही खरं नाही. लहानपणापासून तुम्ही मला कधी काही विचारलं नव्हतंत. तुमचं ते ‘बरोबर हाय ना?’ विचारणं मला फार आवडायला लागलं होतं.