एकसष्ट पॉइंट अडतीस

३ मार्च, सोमवार
आजपासून रोज नोंद. फक्त वस्तुस्थिती. भावना नाहीत, अंदाज नाहीत.

वस्तुस्थिती: लॅबमध्ये त्या मोठ्या कंपनीची डबी आली. राखाडी, साबणाच्या वडीएवढी, चारी बाजूंनी सीलबंद. अजून बाजारात यायची आहे. तिचे रेडिओ सिग्नल मर्यादेत आहेत की नाहीत, एवढं आम्ही मोजून द्यायचं. आत काय आहे हे विचारायचं नाही. गोपनीयतेच्या कागदावर साहेबांनी आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या, माझी आणि दाढीची. दाढी म्हणजे माझा मदतनीस. मोजणीच्या बंद खोलीत, म्हणजे चेंबरमध्ये, वस्तू टेबलावर बसवतो आणि अखंड बोलतो. कागदावरची शाई वाळायच्या आत त्याने विचारलं, मॅडम, काय असेल हो हे? मी म्हटलं, आपल्याला काय करायचंय.

मला खरंच कुतूहल नाही.

५ मार्च, बुधवार
कुतूहल नाही, पण समोर आकडे असताना डोळे मिटून बसता येत नाही. डबी साठ गिगाहर्ट्झच्या वर बोलते, तेही अगदी हळू. फोन असा बोलत नाही, हेडफोन तर नाहीच. हे रडार आहे. समोरच्या माणसाची छाती वरखाली झाली तरी टिपेल इतकं बारीक.

म्हणजे श्वास. माणसाला हात न लावता त्याचा श्वास मोजणारं यंत्र. दवाखान्यांसाठी. याला अंदाज म्हणत नाहीत, निष्कर्ष म्हणतात.

दाढीच्या मते खेळणं असणार. ज्याची त्याची झेप.

८ मार्च, शनिवार
सुट्टी. आईने विचारलं, ऑफिसात काय चाललंय. सांगता येत नाही म्हटलं. ती म्हणाली, तू शाळेतून आल्यावरही हेच सांगायचीस, आता निदान पगार तरी आणतेस.

इंटरनेटवर या डबीवर चर्चा करणारा एक फोरम आहे. वाचायला सभासद व्हावं लागतं, म्हणून झाले. टोपणनाव असं घेतलंय की माझ्या सावलीलाही ओळखू येणार नाही. परवान्याच्या सरकारी कागदात 'साठ ते चौसष्ट गिगाहर्ट्झ' एवढंच जाहीर झालंय. तेवढ्यावर लोकांनी चष्मा, अंगठी, कुत्र्याचा पट्टा, वाटेल ते तर्क लढवलेत. बाजारात तुरी. करमणूक म्हणून ठीक.

लिहायचं काही नाही. ठरलं.

१० मार्च, सोमवार
फोरमवर एक गृहस्थ छातीठोकपणे सांगतात की नेमका आकडा ६०.५. आतल्या गोटातली बातमी म्हणे. त्यावर शेकडो माणसं माना डोलावताहेत. दुपारभर दुर्लक्ष केलं.

चुकीला चूक म्हणणं म्हणजे गुपित फोडणं नव्हे. एकच ओळ लिहिली: '६०.५ नाही. ६१.३८.' श्वासाबद्दल अवाक्षर काढलं नाही. स्वतःच्या संयमाचं कौतुक वाटलं.

१२ मार्च, बुधवार
साहेबांना कंपनीचा फोन. दार लावून बोलले. बाहेर आले तेव्हा कान लाल होते. फोरमवरचा आकडा खऱ्याच्या फार जवळचा आहे, आणि डबी फक्त आमच्याकडे आहे. शुक्रवारी कंपनीच्या बाई चौकशीला येणार. दोषी सापडला तर घरी, आणि नाही सापडला तर लॅबचं कामच जाणार.

फोरमवरची ओळ पुसली. तोवर चारपाच जणांनी ती आपलीच म्हणून खपवली होती. त्या बाबतीत लोकांचा आधार वाटला.

मी शांत आहे. हात थंड आहेत ते एसीमुळे.

१३ मार्च, गुरुवार
संशय दाढीवर. कारण तो बोलतो. साहेबांनी त्याचा फोन ठेवून घेतला. कायम झाल्याचं पत्र याच महिन्यात मिळायचं होतं, तेही थांबवलं. बायकोला सातवा महिना आहे. माझ्यासमोर येऊन बसला आणि टेबलावरच्या केबली उगाच गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही तरी सांगा ना साहेबांना. मला माझा स्वतःचा फोन नंबर पाठ नाही हो."

मी म्हटलं, योग्य वेळी बोलेन.

नीट विचार केला. तो निर्दोष आहे, म्हणजे पुरावा सापडणार नाही, म्हणजे तो सुटेल. मी मध्ये पडले तर साध्या प्रकरणात गुंता होईल. माझं गप्प बसणं त्याच्याच हिताचं आहे. हे सगळं इतकं स्पष्ट असूनही ताट अर्धं टाकून उठले. आईने विचारलं, तोंड का उतरलंय? म्हटलं, दिवसभर चेंबरमध्ये होते, तिथे कुणाचा आवाज येत नाही, त्याने होतं. तर म्हणे, आवाज नव्हता मग भांडलीस कुणाशी?

१४ मार्च, शुक्रवार, सकाळ
योजना: काहीही विचारलं तरी 'माहीत नाही'. चेहरा नेहमीचा ठेवायचा. माझा चेहरा नेहमी असाच असतो, हा मोठाच फायदा.

१४ मार्च, शुक्रवार, संध्याकाळ
कंपनीच्या बाई कमी बोलणाऱ्या. मला आवडल्या. दाढीला विचारलं, त्याने शपथा घेतल्या. मला विचारलं, मी म्हटलं माहीत नाही. उत्तम जमलं.

मग बाईंनी फाइल मिटली. म्हणाल्या, आमच्या नोंदीत एकसष्ट पॉइंट चार आहे, तुमच्या अहवालातही एकसष्ट पॉइंट चार. अहवालात एकच दशांश ठेवायचा ही साहेबांची जुनी शिस्त. फोरमवरचा आकडा मात्र पॉइंट अडतीस. म्हणजे तो इथून गेलेला नाही. साहेब भराभर मान हलवू लागले. दाढीने डोळे पुसले. बाई पर्स उचलत म्हणाल्या, "कुणीतरी अडाण्याने मनाला येईल तो आकडा ठोकून दिलाय. विषय संपला."

"ठोकलेला नाही," मी म्हणाले. "तीनदा मोजून लिहिलाय."

पर्स परत टेबलावर आली.

१७ मार्च, सोमवार
नोकरी स्वतःहून सोडली. स्वतःहून सोड असं साहेबांनी सांगितलं. दाढीला पत्र मिळालं. जिन्यात भेटला, माझा खोका गेटपर्यंत उचलून दिला. म्हणजे माझी योजना त्याच्यापुरती तंतोतंत खरी ठरली. शिवाय आकडा बरोबर होता, हे साहेबांनीही नाकारलं नाही.

यंत्र बाजारात येऊ दे. ते श्वास मोजताना जग बघेल, तेव्हा बोलू.

९ ऑक्टोबर, गुरुवार
आलं. दारावरची बेल आहे. कुणी समोर उभं राहिलं की बटण न दाबता वाजते.

आईने मागवली. घरात इंजिनिअर रिकामीच बसलीये, बसवून देईल म्हणाली. बसवली. मग टेप घेऊन बाहेर उभी राहिले, किती अंतरावरून ओळखते ते मोजायला. श्वास तेवढा चालू, बाकी सगळं अंग स्थिर ठेवलं. वाजली. एक पाऊल मागे. वाजली. तत्त्वतः माझा निष्कर्ष बरोबर होता. तसं आईला दारातूनच सांगितलं.

ती आतून म्हणाली, "आत तरी ये, नाहीतर कामाला तरी जा."